शंका तुमची, उत्तर आमचं: ‘हुरूप आला’ हे इंग्रजीत सांगायचं कसं?

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये चार पत्रं अशी निघाली की ज्यांचा प्रश्न फिरून फिरून एकाच शब्दापाशी, एनर्जाइझपाशी येतो, म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवून ही चार एकत्र घेतलीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण खरी अडचण तिथेच आहे.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी सोलापूर जिल्ह्यात एका शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या दहावीच्या मुलांसमोर एक पाहुणे बोलून गेले, खरंच इतकं छान बोलले की मुलं पुढचे दोन दिवस त्याच्यावरच बोलत होती. मुख्याध्यापक म्हणाले आभाराचं पत्र इंग्रजीतून जाऊ दे. मला एनर्जीवरून काहीतरी वजनदार शब्द हवा होता आणि कुठेतरी वाचलेला एनर्व्हेट डोक्यात होता, मग मी लिहिलं, ‘युवर स्पीच एनर्व्हेटेड ऑल अवर स्टुडंट्स.’ पत्र गेलं. चार दिवसांनी भाच्याने वाचलं आणि म्हणाला, मावशी अगं तू तर त्यांना कळवलंयस की तुमच्या भाषणाने आमची पोरं पार गळून गेली. तेव्हापासून मला चैन नाही. बरोबर शब्द कुठला आणि तो वापरायचा कसा? आणि त्या पाहुण्यांना आता काय कळवू?

उत्तर: ताई, आधी पाहुण्यांचं बघू कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. आजच दोन ओळींचं पत्र पाठवा, ‘इन माय लास्ट लेटर आय यूज्ड द राँग वर्ड. आय मेंट टू से दॅट युवर स्पीच एनर्जाइझ्ड अवर स्टुडंट्स.’ एवढं पुरे, माफीचा पाल्हाळ नको. आणि त्याखाली मुलांनी नंतर काय केलं ते एका वाक्यात लिहा, म्हणजे दोन दिवस ती काय बोलत होती, कोणी काय प्रश्न विचारला, कारण बोलणाऱ्या माणसाला कुठल्याही भारी शब्दापेक्षा ते वाचून जास्त बरं वाटतं. चुकीचा शब्द गेला म्हणून कोणी दुखावत नाही हो, तुमच्या पत्राच्या बाकीच्या ओळींवरून भाव त्यांना कळलाच असणार.

आता शब्दाचं. एनर्व्हेट हा शब्द भल्याभल्यांना फसवतो आणि फसवण्याचं कारण त्याच्या तोंडावळ्यात आहे. सुरुवात एनर्जीसारखी, मध्ये नर्व्ह दिसतो, आणि एन लागला की काहीतरी आत भरलं जातं असं आपल्याला वाटतं कारण एनकरेज म्हणजे धीर देणं, एनरिच म्हणजे समृद्ध करणं, हे आपण शाळेपासून पाठ केलेलं असतं. पण एनर्व्हेटमध्ये तो एन नाहीच. तो लॅटिनमधून आलाय, सुरुवातीचा ए म्हणजे ‘बाहेर’ आणि पुढचा नेर्वुस म्हणजे स्नायू, अंगातली दोरी, ज्याच्या जोरावर माणूस उभा राहतो ती. ती दोरीच बाहेर काढून घेतली तर जे होईल ते एनर्व्हेट. आपल्याकडे याला इतका चपखल शब्द आहे की मला तो सापडला तेव्हा मी वर्गात टाळी वाजवली होती, गलितगात्र! गात्रं गळून गेलेला. रणांगणात आपलीच माणसं समोर बघून ज्याच्या हातातलं धनुष्य गळून पडलं, तो अर्जुन एनर्व्हेटेड. आणि कृष्णाने समजूत घातल्यावर तेच धनुष्य उचलून जो उभा राहिला, तो एनर्जाइझ्ड. एकाच माणसावर दोन्ही क्रियापदं बसतात, तो प्रसंग डोळ्यासमोर ठेवा, परत कधी गल्लत होणार नाही.

एनर्व्हेट वाईट शब्द आहे असं मात्र समजू नका, त्याच्या जागी तो फार नेमका आहे. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी, जेव्हा कूलरसमोरून उठायचं म्हटलं तरी अंगात त्राण नसतं, तेव्हा ‘एनर्व्हेटिंग हीट’ म्हणा, अगदी बरोबर. लांबलेला ताप, आठ तास चाललेली मीटिंग, हे सगळं माणसाला एनर्व्हेट करतं. फक्त हल्ली काही लोक हा शब्द उलट्या अर्थानेही लिहायला लागलेत, तुमच्यासारखेच, आणि त्यात इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असेही लोक आहेत, पण चांगल्या लिखाणात ती चूकच धरली जाते.

मग बरोबर शब्द एनर्जाइझ. पण ताई, नुसता शब्द बदलून काम भागत नाही, आणि हेच मला आज सगळ्यात जास्त सांगायचंय. मी 31 वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मुलांच्या वह्यांमध्ये हे क्रियापद चुकलेलं दिसायचं तेव्हा बहुतेक वेळा अर्थ माहीत नसल्यामुळे चुकलेलं नसायचं, ते मराठीमुळे चुकलेलं असायचं. बघा, आपण कसं बोलतो. मला हुरूप आला. त्याला चेव आला. पोरांना स्फुरण चढलं. अंगात तरतरी आली. मराठीत ही ताकद कुठूनतरी येते, चढते, संचारते, आणि माणूस ती येण्याची जागा असतो, म्हणून तो ‘मला’, ‘त्याला’, ‘पोरांना’ होऊन बसतो. देणारा कोण ते सांगितलं तर सांगितलं, नाहीतर नाही, वाक्य अडत नाही. इंग्रजीतल्या एनर्जाइझला हे चालत नाही. त्याला देणारा पुढे लागतो आणि घेणारा लगेच मागे. भाषणाने मुलांना, म्हणजे ‘द स्पीच एनर्जाइझ्ड द चिल्ड्रन.’ कोणी दिलं आणि कोणाला दिलं ही दोन्ही खाती भरल्याशिवाय ते वाक्य उभं राहत नाही. म्हणून आपली मुलं ‘आय एनर्जाइझ फ्रॉम द स्पीच’ लिहितात तेव्हा त्यांनी डोक्यात ‘मला भाषणातून हुरूप आला’ हे अगदी शुद्ध मराठी वाक्य धरलेलं असतं, फक्त ते तसंच्या तसं ओढून आणलेलं असतं.

मग ‘मला हुरूप आला’ म्हणायचंच असेल, देणाऱ्याला मागे ठेवून, तर? तर ‘आय फेल्ट एनर्जाइझ्ड’ म्हणा. आणि देणारा सांगायचा असेल तर शेवटी ‘बाय’ लावून जोडा, ‘आय फेल्ट एनर्जाइझ्ड बाय द स्पीच.’ फ्रॉम नको, विथ नको.

यातच अजून एक खड्डा आहे, तो एनर्जाइझ्ड आणि एनर्जाइझिंगचा. ‘आय ॲम व्हेरी एनर्जाइझिंग टुडे’ असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ मी आज दुसऱ्यांना हुरूप देतोय असा होतो. मराठीत आपण हे कधीच चुकत नाही, दमवणारा प्रवास आणि दमलेला माणूस यात आपली गल्लत होत नाही ना? तसंच हे. हुरूप देणारं ते एनर्जाइझिंग, हुरूप आलेला तो एनर्जाइझ्ड. आणि जो माणूस मुळातच चपळ, उत्साही, सकाळी पाचला उठून अंगण झाडणारा असतो तो एनर्जेटिक, त्याला कोणी काही द्यावं लागत नाही.

आता एक नमुना देते तो माझ्या डोळ्यासमोरचा आहे. आषाढी वारीत पुण्याहून सासवडचा टप्पा फार मोठा असतो आणि त्याच्या शेवटीशेवटी दिवे घाट. मी एकदाच गेले तेवढी चालत, सगळा रस्ता नाही, पण घाट चढले. पायथ्याशी माझ्या पुढे एक म्हातारी बाई होत्या, डोक्यावर तुळस, वहाणा हातात घेतलेल्या, आणि त्या थांबून थांबून गुडघ्यावर हात ठेवत होत्या. माउलींच्या रथाला तिथे जादा बैलजोड्या लावतात, इतका तो चढ आहे. तेवढ्यात मागून दिंडी आली, टाळांचा ठेका वाढला, पखवाजवाल्याने जी उचल घेतली, आणि या बाईंनी गुडघ्यावरचा हात काढला, तुळस सावरली आणि चक्क पुढच्या रांगेबरोबर पावलं टाकायला लागल्या, मी मागे राहिले. हे इंग्रजीत असं जाईल, ‘द बीट ऑफ द टाळ अँड द पखवाज एनर्जाइझ्ड द टायर्ड वॉकर्स.’ ठेका देणारा, वारकरी घेणारे, आणि दिल्यामुळे काहीतरी घडलं, पाय उचलले गेले. एनर्जाइझ शोभतो तो इथे, जिथे नंतर हालचाल होते. तुमच्या मुलांनी भाषणानंतर काही केलं असेल, अभ्यासाचा गट काढला, ग्रंथालयात गेली, तर एनर्जाइझ. नुसतं ऐकून छान वाटलं असेल तर ‘दे एन्जॉइड इट’ हे साधं वाक्य जास्त खरं आहे.

आणि हेही लक्षात ठेवा की आपल्याकडे या एका शब्दाच्या जागी पाच-सहा शब्द आहेत आणि ते सगळे एकाच इंग्रजी शब्दात कोंबायची गरज नाही. दुपारच्या चहाने येते ती तरतरी, तिथे रिफ्रेश पुरतो. पाठीवर शाबासकीची थाप पडल्यावर येतो तो हुरूप, तिथे एनकरेज जवळचा. घरात मोठं दुःख झाल्यावर शेजारपाजारचे येऊन बसतात आणि देतात ती उभारी, तिथे एनर्जाइझ म्हटलं तर फार कोरडं वाटेल, तिथे ‘दे गेव्ह अस स्ट्रेंग्थ’ म्हणावं. कोणी डिवचल्यावर येतो तो चेव, त्यात राग असतो, तो एनर्जाइझमध्ये मावत नाही. आधी मराठीत स्वतःला विचारायचं की यातलं नक्की काय आलं, मग इंग्रजी शब्द निवडायचा. उलट क्रमाने गेलं की एनर्व्हेट होतं.

प्रश्न: मॅम, मी हिंजवडीत नोकरी करतो, वय 24, अरे-तुरे केलंत तर आवडेल. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मी लिहिलंय, ‘आय एनर्जाइझ टू माय टीम ड्युरिंग डेडलाइन्स.’ स्पेलचेकने काहीच लाल केलं नाही. बरोबर आहे ना? आणि स्पेलिंगमध्ये एस की झेड?

उत्तर: अरे, स्पेलचेक शब्द बघतो रे, वाक्य समजून घेत नाही. तो ‘टू’ काढून टाक. ‘टीमला’ मधला ‘ला’ तुझ्या मनात होता आणि त्याचा तू टू केलास, म्हणजे वरच्या ताईंची आणि तुझी चूक सख्खी बहीणभावंडं आहेत. गिव्हला टू लागतो, ‘आय गिव्ह एनर्जी टू माय टीम’, पण एनर्जाइझच्या पोटात ते गिव्ह आधीच आहे, परत टू कशाला. ‘आय एनर्जाइझ माय टीम.’ टू येतो तो नंतर, काय करायला लावलं ते सांगायचं असेल तर, ‘एनर्जाइझ्ड द टीम टू फिनिश द टेस्टिंग.’

पण व्याकरण सुधारून झालं तरी मला ते वाक्य पटत नाही, मोकळेपणाने सांगते. स्वतःविषयी ‘मी टीममध्ये जोश भरतो’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. रिलीजच्या आदल्या रात्री तू काय केलंस ते लिही, नव्या मुलाशेजारी बसून त्याचा बग सोडवून दिलास का, काम वाटून दिलंस का, सगळ्यांना अकराला घरी पाठवून उरलेलं स्वतः बघितलंस का. ते लिहिलं की जोश कोणी भरला ते तुझ्या साहेबांना आपोआप दिसेल. हे क्रियापद दुसऱ्याने आपल्याबद्दल वापरलं की जास्त शोभतं.

स्पेलिंगचं म्हणशील तर अमेरिकन कंपनी असेल तर झेड. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही चालतं, तिथले पेपर बहुतेक एस लिहितात पण ऑक्सफर्डची डिक्शनरी झेडच पुढे ठेवते कारण ती शेपटी मूळ ग्रीकमधून आलीय आणि ग्रीकमध्ये तिथे झेडचं अक्षर आहे. तू काहीही घे, एका फॉर्ममध्ये दोन्ही घेऊ नकोस.

प्रश्न: नमस्कार, मी वीज सबस्टेशनला ऑपरेटर आहे. आमच्याकडे फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून वीज पुढे नेणारी लाइन, एनर्जाइझ करतात, कॉइल एनर्जाइझ होते, बोर्डवर ‘एनर्जाइझ्ड’ लिहिलेलं असतं. मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात तोच शब्द माणसांसाठी बघून नवल वाटलं. मूळ कुठला? आमच्याकडून माणसांकडे गेला का? आणि डी-एनर्जाइझ, म्हणजे सप्लाय काढून घेणं, हे माणसाला लावता येतं का?

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण मला वाटतं रोजच्या कामात हा शब्द तुम्ही जितका बरोबर वापरता तितका आमच्यातलं कोणी वापरत नसेल. तुमच्याकडे तो नेहमी दोन टोकांचा असतो, सप्लाय देणारा आणि सप्लाय मिळालेला. आणि त्यातून काहीतरी घडतंच, कॉइलला सप्लाय मिळाला की कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, ओढला जातो, ‘टक’ आवाज येतो आणि मोटर फिरायला लागते. हेच मी वर सगळ्यांना सांगतेय, देणारा, घेणारा आणि नंतरची हालचाल.

उगमाचं मात्र उलटं आहे, शब्द माणसांकडून तुमच्याकडे आला. मूळ ग्रीक एनेर्गेइया, त्यात एर्गोन म्हणजे काम, आणि इंग्रजी वर्क हा त्याच एर्गोनचा लांबचा भाऊ. ॲरिस्टॉटलने तो शब्द वापरलाय, एखादी गोष्ट नुसती शक्यता म्हणून पडून न राहता प्रत्यक्ष कामाला लागलेली असणं, अशा अर्थाने. इंग्रजीत 16व्या शतकात एनर्जी आला तेव्हा त्याचा अर्थ होता बोलण्यातला, लिहिण्यातला जोर! म्हणजे वीज सोडा, पहिली एनर्जी वक्त्याच्या शब्दांतली. भौतिकशास्त्रात आजच्या अर्थाच्या जवळ तो थॉमस यंग यांनी नेला, त्यांची व्याख्यानं 1807 साली छापून आली त्यात. वायर, कॉइल, फीडर हे सगळं त्याच्याही नंतरचं. तेव्हा मुलीला सांगा की पुस्तकातला अर्थ जुना आणि बाबांचा नवा, दोन्ही खरे.

डी-एनर्जाइझ मात्र तुमच्याकडेच राहू द्या. माणूस दमला, खचला तर त्याला ड्रेन्ड किंवा एग्झॉस्टेड म्हणतात. तुमच्या कामात त्या शब्दाचं वजनही वेगळं आहे ना, परमिट घेतलं, स्विच उघडला, टेस्टरने बघितलं, दोन्हीकडून अर्थिंग केलं, आणि तोपर्यंत लाइन चार्ज आहे असंच धरून चालायचं. ज्या शब्दावर कोणाचा तरी जीव टांगलेला असतो तो दुसऱ्या कामाला न लावलेलाच बरा.

आणि तुमच्या मुलीला एक उदाहरण द्या, आवडेल तिला. तुम्ही लोक ‘लाइन चार्ज केली’ म्हणता, आणि सभेनंतर आपल्याकडे ‘कार्यकर्ते चार्ज झाले’ म्हणतात. अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बातम्यांमध्ये त्याच जागी ‘एनर्जाइझ द बेस’ म्हणतात, म्हणजे जे मतदार आधीपासून आपलेच आहेत पण घरी बसून राहतील त्यांना उठवून मतदानाला बाहेर काढणं. नवीन मतदार वळवणं त्यात येत नाही. इथेही बघा, वायर आधीच जोडलेली आहे, फक्त सप्लाय सोडायचाय.

प्रश्न: ताई, एन्थ्यूज हा शब्द खरा आहे का? आमच्या ऑफिसात साहेब ‘आय ॲम एन्थ्यूज्ड’ म्हणतात, आणि सासरे म्हणतात असा शब्दच नाही. दोघांपैकी कोण बरोबर?

उत्तर: शब्द आहे. एन्थ्युझिअॅझम हा जुना, त्याची शेपटी तोडून हे क्रियापद पाडलं गेलं, आणि त्याचा सापडलेला सगळ्यात जुना पुरावा एका तरुण स्कॉटिश माणसाने 1827 साली लिहिलेल्या पत्रातला आहे, तेव्हा तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे फिरत होता. म्हणजे जवळजवळ 200 वर्षं झाली. पण असा तोडून पाडलेला शब्द जुन्या वळणाच्या लोकांना कानाला खटकतो, इंग्लंड-अमेरिकेतही खटकतो, म्हणून तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. घरी बोलताना चालेल, अर्जात किंवा परीक्षेत ‘आय ॲम एन्थ्युझिअॅस्टिक अबाउट इट’ लिहा म्हणजे कोणीच बोट ठेवणार नाही.

वापरताना एवढं बघा की एन्थ्यूज बहुतेक वेळा बोलण्याला लागतो, ‘शी एन्थ्यूज्ड अबाउट द न्यू किचन’ म्हणजे ती नव्या स्वयंपाकघराबद्दल भरभरून बोलत होती, तिने कोणाला ताकद दिली नाही. त्याला अबाउट लागतो, एनर्जाइझला लागत नाही.

आणि एन्थ्युझिअॅझमच्या मुळाशी काय आहे माहितीये? ग्रीक एन म्हणजे आत आणि थेओस म्हणजे देव. देव आत शिरलेला. आपल्याकडे गोंधळात संबळ घुमायला लागला की मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या मावशी एकदम उठतात, केस मोकळे सुटतात, कोणीतरी धावत जाऊन हळदकुंकू आणतं आणि बाकीचे बाजूला होत कुजबुजतात, अंगात आलं. ग्रीकांचा शब्द अगदी तोच, अंगात येणं. तुमच्या सासऱ्यांना हे सांगा, आणि साहेबांना पुढच्या वेळी फक्त ‘अबाउट’ लावायला सांगा.